नाव मागचे, जागा पुढची : अमेरिकन फुटबॉलमधील फुलबॅकची पार्श्वभूमी

फुलबॅक म्हटले की आपल्याकडे बचावफळीतला फुटबॉलपटू किंवा हॉकीपटू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकन फुटबॉलमधला फुलबॅक मात्र आक्रमणातला गडी आहे आणि त्याचे नाव तो कोठे उभा राहत असे यावरून पडले. चाल चालवणारा आणि चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक आघाडीच्या रांगेच्या सर्वांत जवळ, त्याच्यामागे हाफबॅक आणि सर्वांत मागे फुलबॅक, अशी ती जुनी मांडणी होती. मागून येणाऱ्याला वेग धरायला जागा मिळते, म्हणून संघातला सर्वांत दांडगा धावपटू तेथे ठेवला जाई.

तेव्हा ही जागा मानाची होती. १९३० च्या दशकात शिकागो बेअर्सचा ब्रोंको नागुर्स्की आणि दुसऱ्या महायुद्धानंतर क्लीव्हलँड ब्राउन्सचा मॅरियन मॉटली हे फुलबॅकच. त्याच क्लीव्हलँडच्या जिम ब्राउनने १९५७ ते १९६५ या नऊ हंगामांत चेंडू घेऊन १२,३१२ यार्डांची धाव घेतली आणि त्यांपैकी आठ हंगामांत तो एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पहिला राहिला. १९७२ च्या हंगामात एकही सामना न हरलेल्या मायामी डॉल्फिन्सचा कणा असलेला लॅरी झोंका पुढच्या हंगामातील सुपर बोल या अंतिम सामन्यात १४५ यार्ड धावून सर्वोत्तम खेळाडू ठरला. आजच्या फुलबॅककडे पाहून या जागेचा हा इतिहास खरा वाटत नाही.

बदल सुरू झाला तो उभे राहण्याच्या जागेपासून. ‘आय’ नावाच्या रचनेत क्वार्टरबॅकच्या मागे दोघे एका रेषेत उभे राहू लागले. मागचा तो टेलबॅक आणि पुढचा फुलबॅक. चेंडू जातो टेलबॅककडे. फुलबॅक चार-पाच पावले धावत रांगेतल्या फटीत शिरतो आणि समोरून तितक्याच वेगाने येणाऱ्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या गड्याला, छातीवर घेतो, तो अडला की टेलबॅक त्या दोघांच्या कडेने निसटतो. आकडेवारीत धावण्याचे यार्ड टेलबॅकच्या नावावर जमा होतात आणि धडकेची नोंद कोठेच होत नाही. जो सर्वांत मागे म्हणून फुलबॅक ठरला, तो आता टेलबॅकच्या पुढे उभा होता आणि नाव तेवढे जुने राहिले होते.

या कामाचीही एक प्रतिष्ठा होती. १९९० च्या दशकात डॅलस काउबॉइजच्या एमिट स्मिथसाठी वाट काढणाऱ्या डॅरिल जॉन्स्टनमुळे प्रो बोल या मानाच्या सामन्याच्या निवडीत फुलबॅकची जागा वेगळी धरली जाऊ लागली. लोरेंझो नीलची कामगिरी तर याहून बोलकी आहे : १९९७ ते २००७ या सलग ११ हंगामांत, संघ बदलत गेले तरी, त्याने ज्याच्यासाठी वाट काढली तो धावपटू हजार यार्डांच्या पुढे गेला. या कामाची किंमत शरीराने चुकवावी लागे. जॉन्स्टनची कारकीर्द मानेच्या दुखापतीने संपली आणि टॅम्पा बेच्या माइक ऑल्स्टॉटचीही.

फुलबॅकला कोणत्याही नियमाने बाद केले नाही, त्याला बाद केले ते अकरा जणांच्या हिशेबाने. १९७८ मध्ये चेंडू झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे धक्के देण्यावर बंदी आली, आघाडीच्या रांगेतल्यांना हात पसरून अडवण्याची मुभा मिळाली, आणि चेंडू फेकणे धावण्यापेक्षा किफायतशीर होत गेले. दुसरीकडे न्यूयॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर कडेने येऊन क्वार्टरबॅकला लोळवू लागला, तेव्हा वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्ज यांनी फुलबॅकऐवजी दुसरा टाइट एंड, म्हणजे रांगेच्या टोकाशी उभा राहणारा गडी, घेतला. तो कडेला टेलरला अडवू शकत होता, चेंडू झेलू शकत होता आणि रचनेत इकडून तिकडे सरकू शकत होता. पुढे तीन रिसीव्हर ही नेहमीची मांडणी झाली. समोरचा संघही मग एक लाइनबॅकर काढून मागच्या फळीत पाचवा बचावपटू आणतो; म्हणजे ज्याला धडक द्यायची तो गडीच अनेकदा मैदानाबाहेर असतो, आणि ही बाब मला सर्वांत निर्णायक वाटते. महाविद्यालयांनी पसरट रचना स्वीकारल्यावर तयार फुलबॅक येणेही आटले. राहिले होते एखादा यार्ड हवा असताना चेंडू पुढे रेटण्याचे काम. १९८५ च्या हंगामात शिकागोने त्यासाठी विल्यम पेरी हा अवाढव्य बचावपटू फुलबॅकच्या जागी उभा करून पाहिला, तो गंमतीचा भाग. पण अलीकडे फिलाडेल्फियाने क्वार्टरबॅकलाच मागून ढकलत नेण्याची चाल रूढ करून तेही काम बरेचसे काढून घेतले.

तरीही काही संघांनी फुलबॅक सोडलेला नाही. बाल्टिमोरने बचावफळीतून आलेल्या पॅट्रिक रिकार्डला या जागेवर खेळवले. सॅन फ्रान्सिस्कोचे काइल शॅनाहन यांनी २०१७ मध्ये प्रशिक्षक होताच हार्वर्डमध्ये शिकलेल्या फुलबॅक काइल युश्चेकशी चार वर्षांचा, २ कोटी १० लाख डॉलरपर्यंतचा करार करवून घेतला. त्यांचा हिशेब उलट्या बाजूने आहे : फुलबॅक मैदानात दिसला की समोरच्यांना थोराड लाइनबॅकर ठेवावेच लागतात, आणि मग तोच युश्चेक धडक द्यायला निघाल्यासारखा पुढे येऊन त्यांच्या शेजारून निसटतो व चेंडू झेलतो.