एक्झी केली म्हणून पर्याय हरवत नाहीत

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या ऑफिसांत पायथन भाषेतल्या प्रोग्रामच्या छोट्या एक्झी (थेट चालणाऱ्या फाइली) सर्रास चालतात, आणि त्यांच्यासोबत एक समजही: पायइन्स्टॉलर या साधनाने एक्झी केली की कमांड लाइनचे पर्याय (प्रोग्राम चालवताना त्याच्या नावापुढे लिहिलेल्या सूचना) प्रोग्रामपर्यंत पोचत नाहीत. हे साफ चूक आहे. आर्गव्ही, म्हणजे प्रोग्रामला या सूचना ज्या यादीत मिळतात ती; तिच्यात शून्याव्या जागी एक्झीचं नाव, एकपासून पुढे पर्याय; अगदी स्क्रिप्टसारखंच. 'विंडोड' निवडून बांधणी केली तर कन्सोलच (मजकूर दाखवणारी खिडकी) नसतो, म्हणून मदतीचा मजकूर दिसत नाही. पर्याय मात्र पोचलेले असतात. 'कन्सोल' ठेवून पुन्हा बांधा.

खरा घात विंडोजवर अवतरणचिन्हांत होतो. "डी:\अंबड बिले\" असं लिहिलं, की शेवटचा बॅकस्लॅश बंद होणारं चिन्हच गिळतो आणि पुढचे सगळे पर्याय त्याच पाथला (फोल्डरच्या पत्त्याला) चिकटतात. तो बॅकस्लॅश काढा, नाहीतर दोनदा द्या.