घरफोडीचे आकडे देशादेशांत का जुळत नाहीत: दोनशे वर्षांची पार्श्वभूमी

२०१२ साली भारतात दर लाख लोकसंख्येमागे घरफोडीचे साधारण आठ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी अमेरिकेत हा आकडा ६७० होता. म्हणजे ऐंशी पटींहून जास्त फरक. दोन्ही आकडे सरकारी आहेत आणि आपापल्या नियमांनुसार बरोबर आहेत. पण त्यांवरून भारतातली घरं अमेरिकेतल्या घरांपेक्षा ऐंशी पटींनी सुरक्षित आहेत असं कुणी म्हटलं, तर ते चूक ठरतं.

साधा भागाकार तपासला तरी हे लक्षात येतं. घरफोडी माणसाची होत नाही, घराची होते. भारतात एका घरात सरासरी पावणेपाच-पाच माणसं राहतात, अमेरिकेत अडीचच्या किंचित वर. लोकसंख्येऐवजी घरांच्या संख्येने भागलं, तर भारताचा दर लाख घरांमागे चाळिशीच्या आसपास येतो आणि अमेरिकेचा सतराशेच्या वर जातो. ऐंशी पटींचा फरक पंचेचाळीस पटींवर येतो. हे फक्त भाजक बदलल्याने झालं. अंश, म्हणजे ‘घरफोडी’ म्हणून काय मोजलं, त्याला अजून हातही लावलेला नाही, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

गुन्ह्यांची राष्ट्रीय आकडेवारी नियमितपणे छापायला सुरुवात झाली फ्रान्समध्ये, १८२७ साली. १८२५ सालच्या खटल्यांचा तो अहवाल होता. त्याच आधारावर फ्रेंच वकील गेरी यांनी १८३३ मध्ये फ्रान्सच्या प्रांतांचे गुन्हे-नकाशे काढले आणि बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी १८३५ मध्ये गुन्ह्यांच्या दरांतला सातत्याचा सिद्धांत मांडला. उघडकीस येणारे गुन्हे हे घडणाऱ्या एकूण गुन्ह्यांचा एक भाग असतात, हे केटले यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं असं की या दोहोंमधलं प्रमाण जोवर स्थिर आहे, तोवर नोंदलेल्या आकड्यांवरून चढउतार सांगता येतो. पण हे प्रमाण गुन्ह्याच्या स्वरूपावर, यंत्रणेच्या तत्परतेवर आणि गुन्हेगाराच्या लपण्याच्या कौशल्यावर ठरतं. एकाच देशात लागोपाठच्या वर्षांत ते बऱ्यापैकी टिकतं. दोन देशांत ते सारखं असण्याचं काही कारण नाही. आज दिसणारे बहुतेक ‘सर्वाधिक घरफोड्यांचे दहा देश’ छापाचे तक्ते या १८३५ च्या इशाऱ्याकडे डोळेझाक करतात.

व्याख्येकडे वळू. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात हा गुन्हा फक्त रात्री आणि फक्त राहत्या घराच्या बाबतीत घडू शकत होता. १९१६ च्या कायद्याने रात्र म्हणजे संध्याकाळी नऊ ते सकाळी सहा असं ठरवलं होतं. दुपारी दोन वाजता दार फोडून केलेली चोरी कायद्याच्या पुस्तकात वेगळ्या नावाखाली जायची. १९६८ च्या चोरीविषयक कायद्याने रात्रीची अट काढली, फोडण्याचीही काढली. आता इंग्लंड-वेल्समध्ये चोरीच्या हेतूने अनधिकाराने इमारतीत पाऊल टाकलं की पुरे, दार सताड उघडं असलं तरी. स्कॉटलंडमध्ये हा कायदा लागूच नाही. तिथे घर फोडून केलेली चोरी हा स्वतंत्र, जुन्या प्रथेतून आलेला गुन्हा आहे. म्हणजे ‘ब्रिटन’ असा एकच आकडा देणारा तक्ता दोन कायदे आधीच मिसळतो.

भारतीय दंड संहितेचा मसुदा मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये केला, ती १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिने इंग्लंडच्या आधी शंभर वर्षं दिवसाची घरफोडीही घरफोडी याच नावाखाली मांडली, पण रात्रीचं वजन राखलं. कलम ४५४ खाली दिवसा चोरीच्या हेतूने केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत, तर ४५७ खाली सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा. ‘दिवसा घरफोडी’ आणि ‘रात्री घरफोडी’ हे पोलिसांच्या तक्त्यांतले दोन रकाने तिथूनच आलेले. कलम ४४५ ने फोडणं म्हणजे काय याचे सहा प्रकारही सांगितले. स्वतः वाट पाडून शिरणं, भिंत चढून किंवा माणसाने जाण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणं, कुलूप उघडणं, आतून लावलेली कडी काढणं, बळ वापरणं वगैरे. दुकान, गोदाम, देऊळ हेही त्यात ‘घर’ या शब्दाखाली येतात.

आता एकच प्रसंग चार देशांत ठेवून पाहू. दुपारी दार उघडं आहे, घरचे आत झोपलेत, कुणीतरी सहज आत येतं आणि टेबलावरचा मोबाईल घेऊन जातं. इंग्लंडमध्ये ही घरफोडी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मोजणीतही घरफोडी, कारण तिथे ‘बळ न वापरता बेकायदा प्रवेश’ असा स्वतंत्र पोटप्रकार आहे. जर्मनीत नाही. तिथे फोडून, चढून, खोट्या किल्लीने शिरणं किंवा आत दडून बसणं लागतं, त्यामुळे ही साधी चोरी. भारतात हा गुन्हा सहसा कलम ३८०, राहत्या घरातली चोरी, असा दाखल व्हायचा आणि आकडा चोरीच्या रकान्यात जायचा. प्रसंग एकच, पण दोन देशांचा घरफोडीचा दर वाढला आणि दोघांचा जिथल्या तिथे राहिला.

मोजणीचे नियम हा याहून कमी चर्चेचा, पण आकड्यांवर तितकाच परिणाम करणारा भाग. अमेरिकेत पोलीसप्रमुखांच्या संघटनेने एकसारख्या नोंदींची पद्धत आखली आणि १९३० पासून ती एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेकडे आली. त्यात दशकानुदशकं पायरीचा नियम होता: एका घटनेत अनेक गुन्हे असतील तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजायचा. घरात शिरून खून झाला तर खून एक, घरफोडी शून्य. लॉजच्या दहा खोल्या एका रात्रीत फोडल्या आणि व्यवस्थापन एकच असेल तर घरफोडी एक. वेगवेगळ्या भाडेकरूंचे दहा फ्लॅट असतील तर दहा. भारतातही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हाच धरतो. पाच किंवा अधिक जणांनी घरात शिरून जबरदस्तीने लूट केली की तो दरोडा होतो आणि घरफोडीच्या रकान्यातून निघून जातो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या घर लुटण्याच्या अनेक घटना अशा ‘दरोडा’ किंवा ‘जबरी चोरी’खाली सापडतील, घरफोडीखाली नाही.

स्वीडन याच्या नेमकं उलट करतो. तक्रार आली की त्याच क्षणी नोंद, पुढे तपासात गुन्हा नव्हता असं निघालं तरी ती नोंद आकडेवारीत राहते. एका घटनेतला प्रत्येक गुन्हा वेगळा मोजला जातो आणि प्रयत्न अनेकदा पूर्ण गुन्ह्याबरोबरच धरले जातात. जर्मनीत गुन्हा मोजला जातो तो पोलिसांचा तपास संपून कागद सरकारी वकिलाकडे जाताना, आणि घरफोडीच्या तिथल्या आकड्यात फसलेले प्रयत्न चाळीस टक्क्यांहून जास्त असतात. म्हणजे जर्मनीत २०१५ साली नोंदल्या गेलेल्या १,६७,१३६ घरफोड्यांपैकी मोठ्या हिश्शात चोर आतच गेलेला नव्हता. ज्या देशात अयशस्वी प्रयत्नाची तक्रार घ्यायला पोलीस उत्सुक नसतात, त्या देशाशी हा आकडा कसा ताडून पाहणार?

देशांचे आकडे एकत्र आणण्याचे प्रयत्न दोन मार्गांनी झाले. इंटरपोलने १९५० च्या आकड्यांपासून पोलिसांकडून माहिती गोळा करून छापली. देशांची एकमेकांशी तुलना करण्यासाठी ही नाही, अशी सूचना त्या पुस्तिकांतच असायची. लोकांनी तुलना केलीच, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे प्रकाशन लोकांसाठी बंद झालं. संयुक्त राष्ट्रांची प्रश्नावली १९७० च्या दशकात सुरू झाली आणि आजही चालू आहे. दोन्हींत कच्चा माल तोच: प्रत्येक देशाच्या पोलिसांनी आपापल्या नियमाने मोजलेले गुन्हे.

दुसरा मार्ग थेट लोकांना विचारण्याचा. अमेरिकेत १९६६ च्या पहिल्या प्रायोगिक सर्वेक्षणात पोलिसांपर्यंत न पोचलेल्या गुन्ह्यांचं प्रमाण पाहून अभ्यासक थक्क झाले आणि १९७२ पासून नियमित राष्ट्रीय सर्वेक्षण सुरू झालं. ब्रिटिश गुन्हे सर्वेक्षण १९८२ चं. देशांची तुलना हाच हेतू ठेवून झालेलं पहिलं काम म्हणजे १९८९ चं आंतरराष्ट्रीय गुन्हेपीडित सर्वेक्षण. नेदरलँड्सचे यान फान डाइक, इंग्लंडच्या पॅट मेह्यू आणि स्वित्झर्लंडचे मार्टिन किलियास यांनी ते उभं केलं. सगळीकडे एकच प्रश्न: तुमच्या घरात परवानगीशिवाय कुणी शिरून चोरी केली किंवा करू पाहिली का? गॅरेज आणि बागेतल्या खोपटातली चोरी मुद्दाम वगळली. आधी पाच वर्षांबद्दल विचारायचं, मग ‘गेल्या वर्षी का?’ असं. कारण माणसं दोन वर्षांपूर्वीची घटना ‘गेल्या वर्षीच झाली’ म्हणून सांगतात आणि थेट एका वर्षाचं विचारलं की आकडा फुगतो. विकसनशील देशांत फोनऐवजी घरोघरी जाऊन, एकेका शहरातल्या सुमारे हजार घरांत हे सर्वेक्षण झालं. १९९२ च्या फेरीत मुंबईही होती.

या सर्वेक्षणाने काही क्रम उलटेपालटे केले. पोलिसांच्या आकड्यांत वर दिसणारा स्वीडन २००४-०५ च्या फेरीत सर्वांत खालच्या देशांत गेला. डेन्मार्क मात्र दोन्हीकडे वरच राहिला. म्हणजे स्वीडनची उंची बरीचशी मोजणीमुळे होती, डेन्मार्कची नव्हती. इंग्लंड-वेल्स आणि न्यूझीलंड सर्वांत वर होते. सर्व देशांची सरासरी वर्षाला शंभर घरांमागे दोनच्या किंचित खाली होती.

पण सर्वेक्षणाचंही गणित समजून घ्यायला हवं. एका देशात दोन हजार घरं विचारली आणि दर दोन टक्के आला, तर तो आकडा फक्त चाळीस घरांवर उभा आहे. अशा नमुन्याची त्रुटी दोन्ही बाजूंना सुमारे ०.६ टक्के असते, म्हणजे खरा दर १.४ ते २.६ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. १.८ चा देश नववा आणि २.२ चा चौदावा, असल्या क्रमवारीला त्यामुळे काही अर्थ उरत नाही. शिवाय १९८९ च्या फेरीत अनेकांनी फोनवर उत्तरच दिलं नाही. प्रतिसाद अर्ध्याच्या आत होता.

लोक तक्रार का करतात, यामागे विम्याचा मोठा हात आहे. पश्चिम युरोपात घरातल्या सामानाचा विमा सर्रास असतो आणि दाव्यासाठी पोलिसांचा नोंद क्रमांक लागतो. म्हणून या सर्वेक्षणात तिथल्या घरफोड्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पोलिसांपर्यंत गेल्याचं दिसलं. आपल्याकडे असा विमा मोजक्या घरांत असतो. चोरीला गेलेलं सोनं परत मिळेल अशी आशा नसली तर पोलीस ठाण्याची पायरी चढायला लोक कचरतात. चढले तरी गुन्हा दाखल होण्याऐवजी साध्या अर्जावर बोळवण होण्याची तक्रार जुनी आहे. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर नोंदवणं बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. या आदेशाची जिथे नीट अंमलबजावणी होईल तिथे नोंदलेल्या घरफोड्या वाढतील, आणि ती वाढ चांगल्या पोलीस कामाची खूण असेल. ठाण्याचं मूल्यमापन ‘गुन्हे कमी दिसले का’ यावर करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायलाच हवं. २०१५ मध्ये दिल्ली-मुंबईत आणि २०१७ मध्ये दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळूर या चार शहरांत स्वतंत्र संस्थांनी लोकांना विचारून सर्वेक्षणं केली, पण नियमित राष्ट्रीय सर्वेक्षण आपल्याकडे अजून नाही. ते नसेल तोवर भारताचा लाखामागे आठ हा आकडा इतर देशांच्या रांगेत ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तुलना कशाची करता येते? दिशेची. अमेरिकेत नोंदलेला दर १९८० मध्ये लाखामागे १,६८४ होता, २०१९ मध्ये तो ३४० वर आला. जपानमध्ये घरं, दुकानं, कार्यालयं सगळी धरून शिरून केलेल्या चोऱ्या २००२ मध्ये ३,३८,२९४ होत्या. २०२१ मध्ये त्या चाळीस हजारांच्या आत होत्या. इंग्लंड-वेल्सच्या सर्वेक्षणातही १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर मोठी घसरण आहे. तीन देशांत मोजण्याच्या तीन पद्धती, दिशा मात्र एकच. अशा वेळी कारण मोजणीत नसून घरांच्या सुरक्षेत असण्याची शक्यता बळावते. नेदरलँड्सने १९९९ पासून नव्या घरांच्या दारं-खिडक्यांना घरफोडीला तोंड देण्याची अट बांधकाम नियमांत घातली, साध्या हत्यारांसमोर तीन मिनिटं टिकणं हा तिचा मापदंड. जपानमध्ये प्रमाणित दारं-कुलपांसाठी हीच मर्यादा पाच मिनिटांची आहे.

अर्थात एका देशाची जुनी-नवी वर्षं ताडतानाही मधला नियमबदल शोधावा लागतो. इंग्लंडमध्ये २००२ चं नवं नोंद-मानक आणि २०१७ मध्ये अंगणातली खोपटं-गॅरेज निवासी घरफोडीत धरणं, या दोन्ही ठिकाणी आलेख तुटतो. अमेरिकेत २०२१ मध्ये जुनी पद्धत पूर्ण बंद झाली आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय आकड्यांत न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांची माहितीच नव्हती.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गुन्ह्यांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण मान्य केलं. त्यात घरफोडीला ०५०१ हा संकेतांक आहे. बळाची अट नाही, आणि कायमचं राहतं घर, अधूनमधून वापरायचं घर, दुकान-कार्यालय, सार्वजनिक जागा असे वेगळे कप्पे आहेत. देशांनी आपापली कलमं या कप्प्यांत बसवायची आहेत. भारतासाठी हे काम मध्येच बदललं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. घरफोडीची व्याख्या कलम ३३० मध्ये, शिक्षा ३३१ मध्ये, राहत्या घरातली चोरी ३०५ मध्ये गेली. ३०५ मध्ये आता वाहनातली आणि प्रार्थनास्थळातली चोरीही आली आहे. त्यामुळे २०२४ चे आकडे वाचताना पहिले सहा महिने ४५४, ४५७ आणि ३८० खाली, पुढचे सहा ३३१ आणि ३०५ खाली शोधावे लागतील, आणि ३०५ मधून घरातली चोरी वेगळी काढल्याशिवाय जुन्या ३८० शी ती जुळणार नाही.