तापीच्या वाळूत इंजिन शोधायचं तर

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. इंग्रजांच्या काळात पुरात पूल खचला, अख्खं इंजिन तापीत गेलं, वाळूने ते गिळलं आणि अजूनही ते पाताळात उतरतंच आहे. कधी तापीच्या जागी गिरणा असते, कधी पांझरा. शेवटी पायाळू माणसाने जागा दाखवल्याचं शेपूट आणि डब्यात सोन्याच्या मोहरा. पारावर विषय निघाला की एखादे आजोबा छातीठोकपणे सांगतात, "तठे डोहमा शे, मना बापनी देखेल शे."

मोहरा ज्याला हव्यात त्याने घ्याव्यात. मला इंजिन हवंय. नदीत गेलेलं इंजिन शोधणं हा भूभौतिकीतला, म्हणजे पृथ्वीच्या पोटातलं मोजमापांनी ओळखणाऱ्या शास्त्रातला, फार मजेचा खेळ आहे, आणि तो खानदेशात खेळायचा म्हटलं तर भल्याभल्यांना घाम फुटेल.

आधी पाताळाचं बघू. वाळू काही गिळत नाही. पूर चढला की लोंढा आडव्या पडलेल्या जड वस्तूवर आपटून खाली वळतो आणि तिच्या कडेने भोवरे धरतो. हे भोवरे तळची वाळू उपसून काढतात, झालेल्या खड्ड्यात इंजिन कलंडतं, पूर ओसरला की गाळ वरून बुजवून टाकतो. पुढच्या मोठ्या पुरात पुन्हा तेच. पण नदी तळ जितका खोल खरवडू शकते, त्याच्या फारसं खाली इंजिन जाऊ शकत नाही. पूल बांधणारे इंजिनिअर हीच खोली काढतात आणि खांबांच्या विहिरी, म्हणजे विहिरीसारखे पोकळ पाये, तिच्याही खाली नेतात. म्हणजे शोध बहुधा दहा-पंधरा मीटरच्या आतला आहे.

मग खणत का नाही? कारण नेमकं कुठे खणायचं ते कळत नाही. पात्र सरकतं, काठ सरकतात, आणि जमिनीत सोडलेल्या रडारच्या लहरी ओल्या चिकणमातीत थोड्याच अंतरात विरून जातात. उरतं ते चुंबकत्व.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र खानदेशात साधारण ४५ हजार नॅनोटेस्ला भरतं (नॅनोटेस्ला हे असं क्षेत्र मोजायचं एकक). लोखंडाचा मोठा गोळा त्यात थोडी भर घालतो किंवा थोडं कमी करतो. हा फरक पकडणारं जुनं आणि माझं लाडकं यंत्र म्हणजे प्रोटॉन मॅग्नेटोमीटर. बाटलीभर रॉकेल, भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, बस. तारेतून क्षणभर प्रवाह सोडला की रॉकेलमधल्या हायड्रोजनचे प्रोटॉन एका दिशेला वळतात. प्रवाह तोडला की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती कलत्या भोवऱ्यासारखे घुमू लागतात. घुमण्याची गती क्षेत्राच्या ताकदीवर ठरते. आपल्याकडे ती सेकंदाला सुमारे १९०० फेरे येते, म्हणजे कानाला ऐकू येईल असा सूर. वेटोळ्यात उमटणारा तो क्षीण सूर मोजायचा, की क्षेत्र कळलं. पंचेचाळीस हजारांत एकाचा फरकसुद्धा त्यातून कळतो.

ढोबळ हिशेब असा: एक टन लोखंड दहा मीटरवरून साधारण १० नॅनोटेस्लाची खूण देतं. वीस टनांचं इंजिन २०० देईल. पण ही खूण अंतराच्या घनाने घटते. अंतर दुप्पट केलं की २०० चे २५ होतात. आपल्या अक्षांशावर खुणेला एक ठरावीक चेहराही असतो. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा इथे उत्तरेकडे सुमारे ३० अंशांनी जमिनीत झुकतात, त्यामुळे पुरलेल्या लोखंडाच्या दक्षिणेला आकडा चढतो आणि उत्तरेला उतरतो. नुसता चढ मिळाला म्हणून नाचू नये. शेजारी उतार आहे का, तो कुठल्या बाजूला आहे, जोडी किती रुंद पसरली आहे, हे सगळं बघायचं. रुंदीवरून तर खोली निघते.

आता खानदेशची गोम. गिरणेच्या कोरड्या पात्रात जुन्या स्पीकरचं चुंबक वाळूतून फिरवून बघा. बाहेर काढाल तेव्हा त्याच्या कडेला काळ्या, चकचकीत कणांची दाढी आलेली असेल. ते मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज, आपल्या काळ्या कातळातून, बेसाल्टमधून झिजून आलेलं. म्हणजे ज्या जमिनीत लोखंड शोधायचं ती जमीन स्वतःच चुंबक आहे. आणि तेही सरळ नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजला, तेव्हा पृथ्वीची चुंबकीय दिशा आजच्या उलट होती आणि भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. थिजताना कातळाने ती दिशा जी धरली, ती आजतागायत सोडलेली नाही. त्यामुळे इथल्या बहुतांश बेसाल्टच्या आतलं चुंबकत्व दक्षिण-आग्नेयेकडे तोंड करून आहे. धुळे-नंदुरबारकडे तर जमिनीतून उभ्या कातळभिंती निघतात. साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारी एक जवळपास ८० किलोमीटर लांब आहे. अशी भिंत नदीखालून जात असेल तर तिची खूण इंजिनाच्या खुणेला सहज झाकून टाकील.

मग सुटका? इथे मला खरी गंमत वाटते. भिंतीची खूण लांबच लांब पट्टा असते, इंजिनाची एक ठिपका. पुरात गडगडत आलेले धोंडे मात्र फसवे, कारण प्रत्येकाचं चुंबकत्व शाबूत, पण तोंड भलतीकडे. जवळून मोजलं तर नुसता गोंगाट. यंत्र मात्र दोन-तीन मीटर वर उचला. हजारो धोंड्यांची हजारो तोंडं एकमेकांना खोडतात, त्यात जवळच्या बारक्या वस्तूंची खूण उंचीबरोबर झपाट्याने मरते आणि खोलवरच्या मोठ्या वस्तूची त्या मानाने सावकाश. लांब गेल्यावर जास्त स्पष्ट दिसतं, असा हा प्रकार. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात काम आणखी सोपं व्हावं, कारण तिथे गाळाचाच थर शेकडो फूट जाड आहे आणि कातळ खूप खाली. अडचण एवढीच की इंजिन पडलं तर ते पुलापाशीच पडणार, आणि पूल म्हणजे शेकडो टन लोखंड, वर २५ हजार व्होल्टची तार. तिथे बिचाऱ्या प्रोटॉनचा सूर कोण ऐकणार!

हे सगळं जर्मनीत ऱ्हाइन नदीवर घडून गेलं आहे. १८५२ साली कार्ल्सरुहेत बांधलेलं, 'ऱ्हाइन' याच नावाचं इंजिन जहाजातून नेताना गर्मरशाइमजवळ नदीत पडलं. चुंबकीय मोजणीतून जागा ठरली, २०१८ साली गाजावाजा करून खोदकाम झालं, आणि इंजिन निघालं नाही. उपकरणं उत्तम होती, माणसं जाणकार होती. हे वाचून कुणी म्हणेल, त्यापेक्षा आमचा पाणाडी बरा. तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून सापडलेल्या इंजिनाची नोंद कुणी दाखवावी, मी फेटा बांधून येतो. ऑनलाइन मिळणारी 'शंभर फुटांवरचं सोनं दाखवणारी' यंत्रं त्याच नारळाला बॅटरी लावून विकलेली आहेत. सोनं चुंबकाला ओळखही देत नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मे १८७८ मध्ये कायोवा ओढ्याच्या पुरात कॅन्सस पॅसिफिक कंपनीची मालगाडी गेली. डबे मिळाले, ५१ नंबरचं इंजिन मिळालं नाही. शंभरेक वर्षांनी मॅग्नेटोमीटर घेऊन शोध झाला, हाती काही लागलं नाही. मग जुने कागद चाळले तेव्हा कळलं की कंपनीनेच इंजिन गुपचूप काढून, दुरुस्त करून, दुसऱ्या नंबरने रुळांवर आणलं होतं. त्या काळी इंजिन महाग असे, कंपन्या ते सहजासहजी सोडत नसत. स्कॉटलंडमध्ये २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात टे नदीवरचा पूल गाडीसह कोसळला. तिथलं इंजिनही काढलं आणि १९१९ पर्यंत चालवलं. कामगारांनी त्याला 'पाणबुड्या' म्हणायला सुरुवात केली. म्हणून तापीत उतरण्याआधी रेल्वेच्या जुन्या नोंदवह्यांत उतरावं. धुळीने शिंका येतील, पण खर्च नाही.

समजा कागद जुळले, ठिपका जुळला. तरी तापीच्या वाळूत खड्डा खणला की भोवतालचं पाणी धावून येतं. आधी चहूबाजूंनी पत्र्याच्या कडा ठोकायच्या, पंप अखंड चालू ठेवायचे, मग क्रेन. इंजिन मात्र बऱ्या अवस्थेत असण्याची शक्यता आहे. गाळाखाली प्राणवायू जवळजवळ पोचत नाही, त्यामुळे गंज मंदावतो. केबिनचा पातळ पत्रा जाईल, पण जाड चौकट, चाकं, सिलिंडर टिकतील. धोका बाहेर काढल्यावर सुरू होतो, हवा लागताच गंज सपाट्याने धरतो.

न्यूझीलंडमध्ये रेल्वेने जुनी इंजिनं काठ खचू नये म्हणून मुद्दाम नदीत ढकलली होती. त्यांतलं १८७७ च्या बनावटीचं के ८८, 'वॉशिंग्टन', १९२६ साली ओरेटी नदीत गेलं. १९७४ साली हौशी लोकांनी ते ओढून काढलं, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते स्वतःच्या वाफेवर पुन्हा चाललं.