डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, चोडण

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यात, मांडवी नदीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकावरचे खारफुटीचे अभयारण्य. स्थापना १९८८. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांचे नाव त्याला दिलेले आहे. क्षेत्रफळ जेमतेम १.७८ चौ. किमी. असून गोव्यातील अभयारण्यांत हे सर्वांत लहान.

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडणच्या धक्क्यापासून प्रवेशद्वार पायी गाठता येते. कामावर जाण्यायेण्याच्या वेळांत मोटारींची रांग लागते; चारचाकी रायबंदरच्या बाजूलाच ठेवलेली बरी.

भेटीची वेळ मात्र भरती-ओहोटी पाहूनच ठरवावी. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की बगळे, ढोकरी, तुतवार खाद्य टिपायला उतरतात, निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत सरपटू लागतात. भरतीत हाच चिखल बुडतो, पक्षी झाडीत बसून राहतात आणि पाहुण्यांना पानांखेरीज फारसे काही दिसत नाही. ठोकताळा सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे दोन्ही पक्षांतल्या द्वितीया ते चतुर्थीच्या सकाळी चिखल ऐन वेळी उघडा असतो. अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास भरती, त्यामुळे सकाळ वाया जाते. अर्धापाऊण तास इकडेतिकडे धरावा, नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-तक्त्यात पाहावी.

होडीचे गणित नेमके उलटे आहे. आतल्या अरुंद फाट्यांत शिरायला पाणी लागते, ओहोटीत होडी रुतते. दोन्ही साधायचे तर पाणी उतरू लागताच होडीत बसावे आणि निम्मे उतरण्याआधी बाहेर पडावे.

स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पांढऱ्या गळपट्ट्याचा निळा-हिरवा खंड्या हे इथले खास आकर्षण. तो बहुधा पाण्यावर झुकलेल्या फांदीवर सापडतो. पायवाट सोडून चिखलात उतरू नये: तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी उभी असतात, ती पायाखाली मोडली तर झाडाचा श्वास कोंडतो. डास आणि चावऱ्या चिलटांसाठी पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे घालावेत. गेवा या खारफुटीच्या झाडाची फांदी मोडू नये. तिचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो, दृष्टीही काही काळ जाऊ शकते. तसे झाल्यास डोळे न चोळता स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावेत आणि थेट डॉक्टरकडे जावे.