पिशवी काढू नका, विषाणू शोधा

‘पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल.’ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या, तेव्हा या भीतीची खूप चर्चा झाली. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, एवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही, आणि एवढ्या तक्रारींसाठी पिशवी काढणं हा तर इलाजच नव्हे. संताप याचा येतो, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून कसं वाचायचं, याचा भक्कम पुरावा त्याच्या कितीतरी आधी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातच मिळाला होता.

टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो अभ्यास केला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि चार गट. कोणता समूह कोणत्या गटात जाणार, हे नशिबावर सोडलेलं. एका गटाची एचपीव्ही या, गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तर चौथ्याची तपासणीच केली नाही. या चौथ्या गटावरून पुढे टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही गटात १२७ कर्करोग आढळले, चौथ्या गटात ११८. म्हणजे आकडा जवळपास तोच. पण दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातले रुग्ण पाहिले तर ३९ आणि ८२, आणि मृत्यू ३४ आणि ६४! तेही आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत ठळक घट दिसली नाही.

असं का झालं, ते पेशीच्या आत शिरल्यावर कळतं. आपल्या पेशींत पी५३ नावाचं प्रथिन राखणदारासारखं असतं. डीएनए बिघडला की ते पेशीचं विभाजन थांबवतं, बिघाड फारच असेल तर पेशीला मरायला लावतं. आरबी हे दुसरं प्रथिन पेशीला विभागायला लावणाऱ्या ई२एफ या घटकाला धरून ठेवतं, म्हणून पेशी उगाच विभागत नाही. एचपीव्हीची दोन प्रथिनं नेमकी या दोघांवर चालून जातात. ई६ हे पेशीतल्याच एका एन्झाइमला हाताशी धरून पी५३ वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावतं, आणि खूण लागलेलं प्रथिन पेशीची स्वतःचीच यंत्रणा तोडून टाकते. ई७ हे आरबीला चिकटतं, तसा ई२एफ मोकळा सुटतो. ई६ आणि ई७ यांना आवर घालणारं ई२ हे प्रथिनही विषाणूचंच असतं. पण विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रात घुसताना बहुधा ई२ चंच जनुक तुटतं, आणि मग ई६-ई७ भरमसाट बनू लागतात.

एवढं सगळं घडायला साधारण दहा-वीस वर्षं जातात. बहुतेक संसर्ग तर दोनेक वर्षांत शरीर आपणहून घालवतं. म्हणूनच तपासणी तिशीनंतर. पॅप स्मिअरमध्ये बदललेली पेशी दिसावी लागते, आणि ती ओळखणारी नजरही तयार लागते. विषाणूची तपासणी बदलाच्या मुळाशी असलेलं कारणच पकडते. विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला, असं मात्र नाही. पुढे दुर्बिणीतून पाहणी होते आणि कॅन्सरपूर्व डाग असेल तर तो गोठवून काढता येतो. पिशवी जागेवरच राहते.

आम्ल लावून पाहणं निरुपयोगी आहे, असं नाही. मुंबईच्या वस्त्यांत तीच तपासणी दर दोन वर्षांनी केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण ऊसतोडीला जाणारी बाई दर दोन वर्षांनी तपासणीला हाती लागेलच असं नाही. धाराशिवात ज्यांच्यात विषाणू सापडला नाही, त्यांच्यात पुढे कर्करोगाचं प्रमाण वर्षाला लाखात ३.७ होतं, पॅप किंवा आम्लाच्या तपासणीत ‘ठीक’ ठरलेल्यांत ते सोळाच्या आसपास होतं. फडावर जाण्याआधी गावातच एकदा ही तपासणी करायची, तर त्यासाठी याहून जास्त पुरावा लागत नाही.