महाविद्यालयातील अभिव्यक्तिस्वातंत्र्य व द्वेषमूलक वक्तव्य : नाशिक

महाविद्यालयाच्या आवारात मत मांडण्याची मोकळीक कुठवर, आणि एखाद्या जातीला, धर्माला किंवा प्रांताला हीन लेखून वैर चेतवणारे बोलणे कुठून सुरू होते, असा हा प्रश्न आहे. भारतीय कायद्यात द्वेषमूलक वक्तव्याची थेट व्याख्या नाही. विधी आयोगाने मार्च २०१७ मधील २६७व्या अहवालात त्यासाठी स्वतंत्र कलमे सुचवली होती.

नाशिकमध्ये या प्रश्नाला जुनी पार्श्वभूमी आहे. शहरातील पहिले महाविद्यालय, म्हणजे आजचे हंसराज प्रागजी ठाकरसी (एचपीटी) महाविद्यालय, १९२४ मध्ये सुरू झाले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह उभा राहिला. स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांकडे होती. एचपीटीत शिकलेले वि. वा. शिरवाडकर १९३२ मध्ये, विशीत असताना, या सत्याग्रहात उतरले. मंदिर सर्वांना खुले करा, ही मागणी तेव्हा गावातल्या पुष्कळांना झोंबत होती. ‘भावना दुखावल्या’ एवढाच निकष लावला असता, तर तोंड सत्याग्रहींचेच बंद करावे लागले असते. म्हणून कोणाला राग आला यापेक्षा कोणाचे माणूसपण नाकारले गेले, हे पाहणे अधिक योग्य ठरते. सत्याग्रही एका रूढीविरुद्ध बोलत होते. कोणी माणूस कमी प्रतीचा आहे, असे ते म्हणत नव्हते.

राज्यघटनेचा अनुच्छेद १९ भाषणस्वातंत्र्य देतो आणि त्यावर वाजवी निर्बंधांना वावही ठेवतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, बदनामी, अपराधाची चिथावणी ही त्यांतील काही कारणे. भावना दुखावणे हे त्या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारे कलम ६६अ रद्द केले. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निर्बंधाची वेळ तिसरीपाशी येते, असे त्या निकालाने सांगितले. १ जुलै २०२४ पासून दोन समाजांत तेढ निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या १५३अ खाली येई. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला चारचौघांत जातिवाचक शिवीगाळ केल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. अमेरिकेत १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालानुसार तात्काळ बेकायदा कृत्याला चिथावणी असल्याशिवाय द्वेषमूलक बोलणे सहसा दंडनीय ठरत नाही. तिथल्या विद्यापीठांतले युक्तिवाद इथे जसेच्या तसे आणता येत नाहीत.

प्रत्यक्ष आवारातली इजा बहुधा पोलिस ठाण्यापर्यंत जात नाही. ‘कोट्यातून आलास ना?’, ‘तुला काय, सवलत आहे’ असे वाक्य प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात कानावर पडते आणि ते ऐकणारा मुलगा पुढे वर्गात हात वर करत नाही. एकाची मोकळीक दुसऱ्याचा आवाज अशी गिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता नियमांनी नेमके यावर बोट ठेवले: वर्गात जातीचा मोठ्याने उल्लेख करणे, ‘राखीव’ असा शिक्का मारणे, जातीवरून टोमणे मारणे याला मनाई केली आणि समान संधी कक्ष बंधनकारक केला.

उलट बाजूची, म्हणजे बोलल्याबद्दल घाईने शिक्षा करण्याची, चूकही तितकीच गंभीर आहे. नाशिकची बहुतेक कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. याच विद्यापीठाला संलग्न असलेल्या पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने मे २०२५ मध्ये समाजमाध्यमावरील पोस्टवरून विद्यार्थिनीला बाजू न ऐकताच काढून टाकले. तिला अटकही झाली. पोस्ट तिने थोड्याच वेळात काढून माफी मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, निष्कासनाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू दिले.

असे वाद समाजमाध्यमांवर जाण्यामागे बोलायला रीतसर जागा कमी होणे हे एक कारण आहे, ते इथे दुर्लक्षून चालत नाही. महाराष्ट्राच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट विद्यार्थी निवडणुका थांबल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद परत आणली, पण २०१९ च्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. वक्तृत्व स्पर्धेचा विषय महाविद्यालय ठरवते, भित्तिपत्रकावर प्राध्यापकांची नजर असते. मग धगधगणारे मत व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर जाते. तिथे समोर बसून प्रतिवाद करणारा कोणी नसतो आणि स्क्रीनशॉट मात्र तासाभरात गावभर होतो.