फेल्टकाम
फेल्टचे तुकडे कापून, शिवून किंवा चिकटवून वस्तू बनवण्याची हस्तकला. फेल्ट विणलेले नसते. त्यात उभे-आडवे धागे नसतात. सुटे तंतू एकमेकांत गुंतवून, दाबून त्याचा ताव होतो. त्यामुळे ते कुठूनही कापले तरी कडेचे दोरे निघत नाहीत आणि कड दुमडून शिवावी लागत नाही. या कलेतली बहुतेक सोय या एका गुणातून येते. कापलेली कड जिथे उघडी दिसते आणि शोभते, अशाच वस्तू फेल्टच्या कराव्यात.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि घर्षण मिळाले की तंतू सरकून एकमेकांत अडकतात आणि मग सहसा सुटत नाहीत. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरच्या तंतूंना असे खवले नसतात, म्हणून ते खाचा असलेल्या सुयांनी टोचून गुंतवतात. हस्तकलेसाठी मिळणारे पातळ रंगीत ताव बहुधा याच प्रकारचे असतात. फुले, पताका, बाहुल्या यांना ते पुरतात. पण गरम भांड्याखाली असा ताव ठेवला तर तो मऊ पडून वितळू शकतो. तिथे जाड, शुद्ध लोकरीचेच फेल्ट हवे. तयार लोकरी फेल्ट नसेल तर जुना शुद्ध लोकरीचा स्वेटर गरम साबणपाण्यात भरपूर चोळावा. तो आटून दाट होतो आणि मग कापला तरी उसवत नाही. आटू नये म्हणून खास प्रक्रिया केलेली लोकर मात्र कितीही चोळली तरी अशी घट्ट होत नाही.

फेल्टकाम फार जुने आहे. सायबेरियातील अल्ताई पर्वतात पाझिरिक येथील गोठलेल्या थडग्यांमध्ये फेल्टची चित्रित भिंतवस्त्रे आणि आतून भरलेले फेल्टचे हंस सापडले. ते दोन हजार वर्षांहून जुने असून आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. आज घरी शिवल्या जाणाऱ्या, आतून भरलेल्या खेळण्यांशी त्या हंसांचे साम्य दिसते. किरगिझस्तानातील शिरडाक आणि आला-कियिझ या फेल्टच्या गालिच्यांची कला युनेस्कोने २०१२ मध्ये तातडीच्या संरक्षणाची गरज असलेल्या वारशाच्या यादीत घेतली. शिरडाकची रीत घरच्या कामातही सहज वापरता येते. दोन रंगांचे ताव एकावर एक ठेवून नक्षी एकदमच कापायची, मग एका रंगाचा आकार दुसऱ्याच्या पोकळीत बसवून शिवायचा. दोन उलट्या रंगांचे जोड तयार होतात आणि तुकडा वाया जात नाही. पेल्याखालच्या चकत्यांचा संच करायला याहून सुंदर युक्ती नाही.

कामाचा दर्जा कापण्यावर ठरतो. कात्री धारदार हवी आणि ती फक्त कापडासाठी राखून ठेवावी. गोलाई कापताना कात्री स्थिर धरून फेल्ट फिरवावे. कडेला टप्पे पडत नाहीत. पेनाच्या रेघा कडेवर राहून जातात, म्हणून कागदी नमुना पारदर्शक चिकटपट्टीने फेल्टवर बसवून दोन्ही एकत्र कापणे बरे. बारीक आकारांना तर हाच उपाय चालतो.

टाके मोजकेच लागतात. दोन तुकडे कडेने जोडायला काजटाका, म्हणजे काजाच्या कडेला घालतात तसा टाका, सर्वांत देखणा. त्याने कडेला एक रेघही मिळते. वरून आकार बसवायला धावदोरा पुरे. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचे दोन-तीन पदर घ्यावेत आणि गाठ दोन थरांमध्ये लपवावी. डिंक लावायचाच असेल तर अगदी पातळ थर द्यावा. पातळ फेल्टमधून तो झिरपतो आणि वाळल्यावर कडक डाग उरतो. रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तू शिवणेच चांगले.

पहिल्या कामासाठी चष्म्याचे घर उत्तम. साधारण १८ सेंमी बाजूचा चौरस मधोमध दुमडून खालची आणि एक उभी कड काजटाक्याने शिवली की झाले. दुसरी वस्तू गुलाबाचे फूल. सुमारे १० सेंमी व्यासाचे वर्तुळ बाहेरून आत गोगलगायीच्या शंखासारखे, दीड सेंमी रुंदीच्या पट्टीत कापत जायचे आणि मध्ये एक लहान चकती ठेवायची. बाहेरच्या टोकापासून गुंडाळत आल्यावर तीच चकती तळाला चिकटवायची. पट्टीची वरची कड नागमोडी कापली तर पाकळ्या अधिक जिवंत दिसतात. शिवणयंत्र असेल तर गोल चकत्या एकामागून एक दाबपट्टीखाली (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या भागाखाली) सरकवत, मधला दोरा न तोडता लांब माळ करता येते.

लहान मुलांसाठी फेल्टचा फळा विशेष गुणाचा आहे. पुठ्ठ्यावर फेल्ट ताणून लावले की त्यावर फेल्टचेच प्राणी, आकडे, अक्षरे डिंकाविना टिकतात, कारण दोन्ही पृष्ठभागांवरचे बारीक तंतू परस्परांत अडकतात. मुले गोष्ट सांगता सांगता चित्रे हलवू शकतात. तीन वर्षांखालील मुलांच्या वस्तूंवर मात्र बटणे, मणी, चिकटवलेले डोळे लावू नयेत. ते सुटून घशात अडकू शकतात. डोळे दोऱ्याने भरावेत.

लोकरी फेल्ट थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावे, न पिळता आडवे पसरून वाळवावे. अ‍ॅक्रिलिकवर घासून गोळे येतात, ते कात्रीने अलगद कापावेत. इस्त्री करायचीच झाली तर कमी आंचेवर, मध्ये सुती कापड ठेवून करावी.